डब्यातून पळणारा सिग्नल: हेअरपिन फिल्टरचं रिजेक्शन ४२ डीबीवर का अडकतं

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या सातपूरच्या एका छोट्या युनिटमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बनतो. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतल्या हवामान केंद्रांचा डेटा तो घेतो. अँटेनाच्या शेजारीच मोबाइल टॉवर आहे, म्हणून पुढे पाच रेझोनेटरचा मायक्रोस्ट्रिप हेअरपिन बँडपास फिल्टर लावलाय (बोर्डवर तांब्याच्या, केसांच्या पिनेसारख्या वळलेल्या पाच पट्ट्या; ठरलेला पट्टा सोडून बाकीचं अडवतात). बोर्ड रॉजर्स आरओ४३५०बी, जाडी ०.७६२ मिमी, पासबँड (फिल्टर सोडतो तो पट्टा) २३९० ते २४९५ मेगाहर्ट्झ, डबा आतून ८० × ६० × १२ मिमी. सर्किट सिम्युलेशनमध्ये टॉवरच्या २१७० मेगाहर्ट्झला ८० डीबी रिजेक्शन (नको त्या सिग्नलची दाबणी) दिसतं, प्रत्यक्षात ४२ च्या पुढे जात नाही. ३.०५ गिगाहर्ट्झला उणे ३० चा एक उंचवटा आहे आणि ४.८ च्या आसपास सिग्नल जेमतेम ८ डीबी दबतो. सात रेझोनेटर केले तर सुटेल का?

नाही सुटणार. सात केलेत तरी २१७० ला ४२ च्या आसपासच दिसेल, आणि पासबँडमधला लॉस, म्हणजे हव्या सिग्नलची घट, मात्र दीडपट होईल.

आधी कागदावरचा हिशेब. मध्य २४४२, रुंदी १०५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.३ टक्के. ०.१ डीबी रिपलचा चेबिशेव्ह (पासबँडमध्ये थोडी लाट खपवून कडा तीव्र ठेवणारी आखणी) धरला तर २१७० ला नॉर्मलाइज्ड फ्रीक्वेन्सी साधारण ५.५ येते. तिथे तीन रेझोनेटर ४० डीबी देतात, चार ६१, पाच ८१. एकेका रेझोनेटरमागे २० ते २१ डीबीची भर. म्हणजे फिल्टर म्हणून तुमचे पाच पुरून उरतात. लॉसचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो: ४.३४३ गुणिले प्रोटोटाइपच्या जी-मूल्यांची (तक्त्यातल्या प्रमाण आकड्यांची) बेरीज, भागिले फ्रॅक्शनल बँडविड्थ (वरचे ४.३ टक्के) आणि रेझोनेटरचा अनलोडेड क्यू (तो स्वतः किती कमी ऊर्जा गमावतो याचं माप) यांचा गुणाकार. या बोर्डवर क्यू १९० धरा. तीनला १.७ डीबी, पाचला ३.७, सातला ५.८. फिल्टर एलएनएच्या, म्हणजे रिसीव्हरच्या पहिल्या कमी-नॉइज अॅम्प्लिफायरच्या, आधी असेल तर हे सगळे डीबी थेट नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर सिग्नलमध्ये किती नॉइज घालतो त्या आकड्यात) जातात. (हाच फिल्टर नेहमीच्या स्वस्त एफआर-४ बोर्डवर केला तर क्यू ५० च्या घरात येतो आणि पाच रेझोनेटरचा लॉस १४ डीबी होतो. तेव्हा बोर्ड निवडलात तो बरोबर.)

मग ४२ येतात कुठून? फिल्टरमधून नाही, फिल्टरला वळसा घालून. इनपुटच्या बाजूने थोडी ऊर्जा डब्यातल्या हवेत उडते आणि आउटपुटच्या बाजूला उतरते. उणे ८१ आणि उणे ४२ यांत व्होल्टेजचा फरक जवळपास ९० पट आहे, त्यामुळे फिल्टरमधून काय येतंय ते या गळतीखाली दिसतच नाही. ओळखायची खूण सोपी: खरं रिजेक्शन पासबँडपासून दूर जाल तसं उतरत जातं, गळतीचं मात्र सपाट पठार दिसतं. सर्किट सिम्युलेटरमध्ये डबाच नसतो, म्हणून तिथे ८० दिसतात.

हे मानून चालू नका, तपासा. पण त्याआधी व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, फिल्टर मोजायचं यंत्र) तपासा. दोन्ही केबलच्या टोकांना ५० ओमची टर्मिनेशन लावा आणि एस-२१ (एका पोर्टमधून दुसऱ्यात किती पोचतं ते) बघा. तिथे उणे ५५ दिसत असेल तर ७० मोजण्याची गोष्टच सोडा. मोजायच्या आकड्याच्या किमान १० डीबी खाली हा तळ हवा. आयएफ बँडविड्थ दहापट कमी केली की नॉइजचा तळ १० डीबी खाली जातो, स्वीपला वेळ लागतो इतकंच. हातात मावणारे काही स्वस्त व्हीएनए वरच्या पट्ट्यात मूळ दोलकाची हार्मोनिक वापरतात, तिथे त्यांची डायनॅमिक रेंज बरीच घटते. ४.८ ला मोजताना हे ध्यानात असू द्या. एकेरी जाळीच्या केबलही गळतात: केबल मुठीत धरल्यावर तळ हलला तर गुन्हेगार केबल. एसएमए कनेक्टरचा नट पितळी असेल तर ०.५६ न्यूटन-मीटरने आवळा, स्टीलचा असेल तर साधारण १ ने. बोटांनी आवळलेला नट उणे ४० ला खपून जातो, उणे ७० ला नाही.

आता आंधळा बोर्ड. एक जादा फिल्टर बोर्ड घ्या. इनपुटची लाइन आणि पहिला रेझोनेटर तसाच ठेवा, आउटपुटची लाइन आणि पाचवाही ठेवा. मधले तीन काढून टाका. कटरने कडेला ओरखडा घ्या, सोल्डरिंग आयर्नने तांबं तापवा, एक टोक चिमट्यात धरून हळू ओढा, पट्टी अख्खी सोलून निघते. हा बोर्ड त्याच डब्यात, तेच स्क्रू आवळून, झाकण लावून मोजा. फिल्टर आता उरलेलाच नाही, तेव्हा जे दिसेल ती निव्वळ गळती. तरीही उणे ४२ आले तर निकाल लागला. उणे ७० आले तर मात्र दोष फिल्टरच्या आखणीत आहे आणि पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही.

३.०५ चा उंचवटा कोणाचा हे गणितानेच कळतं. रिकाम्या चौकोनी डब्याचा पहिला रेझोनन्स म्हणजे १५० भागिले मिलिमीटरमधली लांबी, १५० भागिले रुंदी, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. ८० आणि ६० ला ३.१२ गिगाहर्ट्झ येतात. तळाशी ०.७६२ मिमीचा डायइलेक्ट्रिक आहे, तो याला दोनएक टक्के खाली ओढतो, की आलेच ३.०५. खात्री हवी असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला आयसी पॅकिंगचा काळा कंडक्टिव्ह फोम चिकटवून बघा. उंचवटा बसला तर तो डब्याचाच. फोम फक्त निदानापुरता. मालात घालायचा असेल तर खरा आरएफ अॅब्सॉर्बर शीट घ्या. मुळात अॅब्सॉर्बरवर भिस्त ठेवायला लागणं म्हणजे डबा चुकलाय.

आणि डबा चुकलाच आहे. ६० मिमी रुंदीचा डबा हा एक वेव्हगाइडच झाला. त्याचा कटऑफ १५० भागिले ६०, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. त्याच्या वर डबा सिग्नलला मोकळा रस्ता देतो. टॉवरच्या ५-जीचा ३३०० ते ३६७० चा पट्टा आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय या रस्त्याने थेट जाऊ शकतात. कटऑफच्या खाली डबा सिग्नल दाबतो, पण किती? दर मिलिमीटरला २७.३ भागिले रुंदी, गुणिले एक वजा (फ्रीक्वेन्सी भागिले कटऑफ) चा वर्ग याचं वर्गमूळ. तुमच्या डब्यात २१७० ला हे ०.२३ डीबी पडतं. दोन टोकांत ४५ मिमी अंतर धरलं तर एकूण १० डीबी. बाकीचे ३०-३२ डीबी लाइनमधून हवेत उडणं आणि परत उतरणं यातच खर्ची पडतात.

रुंदी २० मिमी केली तर कटऑफ ७.५ गिगाहर्ट्झवर जातो, २१७० ला दर मिलिमीटर १.३ डीबी मिळतात आणि त्याच ४५ मिमीत ५८ ते ५९. ३३०० लाही ५५. फिल्टरच्या एकाही रेषेला हात न लावता गळतीच्या वाटेवर जवळपास ५० डीबींची भर. प्रत्यक्षात पूर्ण ५० हाती लागत नाहीत, कारण तोवर कनेक्टर आणि झाकणाच्या फटी बोलायला लागतात. पण ४२ वरून ७० च्या आसपास जाणं शक्यतेतलं आहे.

तुमचा आत्ताचा हेअरपिन १८ मिमीच्या आसपास उंच असणार, कारण या बोर्डवर २.४४ ला अर्धी तरंगलांबी ३७ मिमी येते. रेझोनेटरच्या उघड्या टोकापासून भिंत बोर्डच्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे २.३ मिमी तरी लांब हवी. तेव्हा तो २४ मिमीच्या चॅनलमध्ये बसेल, २० मध्ये नाही. इथे दुसरा आजार पहिल्याच्या मदतीला येतो.

तो आजार म्हणजे ४.८ चा दुसरा पासबँड. सलग एकाच रुंदीचा अर्ध-तरंग रेझोनेटर दुप्पट फ्रीक्वेन्सीलाही वाजतो. दोन्हीकडे सारखा डायइलेक्ट्रिक असता, म्हणजे स्ट्रिपलाइन असती, तर जोडलेल्या रेषांचा सम मोड (दोन्ही रेषांत करंट एकाच दिशेने) आणि विषम मोड (उलट दिशेने) एकाच वेगाने धावला असता आणि दुपटीला कपलिंगच उरलं नसतं. मायक्रोस्ट्रिपमध्ये विषम मोडचं क्षेत्र जास्त हवेत असतं, तो पुढे पळतो आणि दुपटीला दार किलकिलं राहतं. रेझोनेटर वाढवून हे दार बंद होत नाही, कारण नवा रेझोनेटरही तिथेच वाजणार. कडा नागमोडी करणं, वर डायइलेक्ट्रिकचा तुकडा ठेवणं असे उपाय आहेत, पण छोट्या युनिटसाठी सगळ्यात भरवशाचा उपाय स्टेप्ड इम्पिडन्स रेझोनेटर. मधला भाग बारीक आणि जास्त इम्पिडन्सचा, उघडी टोकं रुंद आणि कमी इम्पिडन्सची. टोकाचा इम्पिडन्स भागिले मधला, हे गुणोत्तर ०.५ ठेवलं तर पहिली नको असलेली वाजणी दुपटीऐवजी २.५५ पटीला जाते, म्हणजे ६.२ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचा ५.८७५ ला संपणारा पट्टा मोकळा होतो. गुणोत्तर ०.४ केलं तर २.७९ पट, ६.८ गिगाहर्ट्झ. पण मधली रेष फार बारीक झाली की क्यू घसरतो आणि लॉस वाढतो, म्हणून ०.५ वर थांबलेलं बरं. या बोर्डवर ८० ओमची रेष साधारण ०.७ मिमी आणि ४० ओमची साधारण २.४ मिमी. सुरुवात इथून करा, अंतिम मापं ईएम सिम्युलेशनने (विद्युतचुंबकीय क्षेत्रच सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढा.

याचा दुसरा फायदा असा की असा रेझोनेटर लांबीला मूळच्या ७८ टक्केच भरतो. उंची १८ वरून १५ मिमीवर येते आणि २० मिमीचं चॅनल दोन्हीकडे अडीच मिमी सोडून नीट बसतं. चॅनल ५२ मिमी लांब आणि ८ मिमी खोल धरलं तर त्याचा स्वतःचा पहिला रेझोनन्स ७.७ च्या घरात जातो, तुमच्या कोणत्याही शत्रूच्या पलीकडे. झाकणाची उंची बोर्डच्या जाडीच्या दहापट आहे, त्यामुळे पासबँड फारसा हलत नाही. तरी ईएम सिम्युलेशन भिंती आणि झाकणासकटच करा. हेअरपिनच्या दोन पायांतलं अंतर जाडीच्या दुप्पट तरी ठेवा, नाहीतर पाय आपापसातच बोलतात आणि फ्रीक्वेन्सी सरकते.

कोणी सुचवेल की ४.९ गिगाहर्ट्झचा पाव-तरंग उघडा स्टब (लाइनला आडवी जोडलेली, टोक उघडं असलेली छोटी पट्टी) लावा. १०० ओमच्या रेषेत तो ९ मिमीच्या आसपास बसतो आणि त्या एका ठिकाणी खोल खड्डा पाडतो. पण २.४४ ला तोच स्टब एक-अष्टमांश तरंग होतो आणि कपॅसिटर म्हणून लाइनवर बसतो. दुरुस्ती न केल्यास रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल किती दबतो तो आकडा) १२ डीबीवर येतो. ५.१५ ते ५.८७५ इतका रुंद पट्टा एका स्टबने झाकतही नाही. त्यापेक्षा ३ गिगाहर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्यावरचं सगळं दाबणारा) बरा: आदर्श हिशेबात पाच घटकांचा ४.९ ला २४ डीबी देतो, सात घटकांचा ४३. स्टेप्ड इम्पिडन्स रेझोनेटर केलात तर बहुतेक त्याची गरज पडणार नाही.

डबा बनवण्याबद्दल. अंबडमधल्या कुठल्याही सीएनसीवाल्याला जमेल असं काम आहे, फक्त ड्रॉइंगवर चार गोष्टी स्पष्ट लिहा. खालचा भाग साधी ६ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट. बोर्ड तिच्यावर सपाट बसतो. वरचा भाग १४ मिमीचा ठोकळा, त्यात खालून २० × ५२ मिमीची ८ मिमी खोल खाच. ठोकळ्याची कड बोर्डच्या वरच्या ग्राउंड पट्टीवर दाबून बसली पाहिजे, म्हणून तो पृष्ठभाग ०.०५ मिमीत सपाट हवा. एम-२.५ चे स्क्रू दर १० ते १२ मिमीला. चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिले की मध्ये केसाएवढी फट राहते, आणि ती फट लांबीला ४०-५० मिमीची असते. गळायला तेवढी पुरते. दोन टोकांना लाइन भिंतीखालून जाते तिथे ५ मिमी रुंद, ३ मिमी उंच बोगदा. त्याचा कटऑफ ३० गिगाहर्ट्झ, तेव्हा काळजी नाही.

ग्राउंड पट्टीवर सोल्डर मास्क नको, फिल्टरवरही नको. पट्टीत ०.५ मिमीच्या व्हाया (खालच्या ग्राउंडला जोडणारी, आतून तांब्याने मढवलेली भोकं), २ मिमी अंतराने, एकाआड एक अशा दोन रांगांत. अशा एका व्हायालाही थोडं इंडक्टन्स असतं, २.४४ ला काही ओम. पंधरा मिमीवर एक व्हाया टाकून ग्राउंड झालं असं समजण्यात अर्थ नाही. फिनिशला इमर्शन सिल्व्हर सांगा. निकेल-सोन्यात निकेल लॉस वाढवतं, कारण करंट रेषेच्या कडांनी धावतो आणि तिथेच निकेल असतं.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वारंवार होणारी चूक: अॅनोडायझिंग. दुकानदार न विचारता ठोकळा छान काळा किंवा रुपेरी अॅनोडाइज करून देतो, दिसायला देखणा. अॅनोडाइजचा थर इन्सुलेटर आहे. भिंती बोर्डच्या ग्राउंडला स्क्रूच्या आट्यांमधूनच काय त्या जोडल्या जातात, बाकी सगळीकडे भिंत तरंगते आणि २० मिमीच्या चॅनलचा हिशेब कागदावरच राहतो. मल्टिमीटरच्या दोन पिना ठोकळ्याच्या दाबून बसणाऱ्या कडेवर ठेवा. बीप आला पाहिजे. नाही आला तर ती कड पॉलिश पेपरने उघडी करा आणि पुढच्या खेपेला ड्रॉइंगवर ‘अॅनोडाइज नको, क्रोमेट कन्व्हर्जन’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. नुसतं उघडं अॅल्युमिनियमही पावसाळ्यात खराब होतं. बागेतल्या डब्यात रात्री दव धरतं, तेव्हा कोटिंग हवंच, फक्त ते वाहक हवं.

कनेक्टरकडे तीच नजर. चार भोकांचा फ्लँज एसएमए भिंतीला बसवला की बोर्डची कड आणि भिंत यांत फट उरते. मधली पिन त्या फटीवरून उघडी जाते, ग्राउंडचा करंट खालून वळसा घेतो आणि तिथूनच ऊर्जा डब्यात उडते. फट ०.२ मिमीच्या आत ठेवा. एज-लाँच (बोर्डच्या कडेवरच सोल्डर होणारा कनेक्टर) वापरत असाल तर वरचे आणि खालचे सगळे पाय सोल्डर करा, आणि पायांच्या लगेच मागे व्हाया द्या.

नवी आखणी करताना एक गफलत टाळा. आरओ४३५०बी चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट डेटाशीटवर ३.४८ ± ०.०५ असा दिसतो, पण तो प्रोसेस आकडा. सर्किट डिझाइनसाठी तीच डेटाशीट ३.६६ सांगते. ३.४८ घालून काढलेला फिल्टर ५०-६० मेगाहर्ट्झ खाली येतो आणि मग लोक रेझोनेटर खरवडत बसतात. शिवाय ± ०.०५ मुळेच केंद्र १५-१६ मेगाहर्ट्झ इकडेतिकडे होतं. तुम्हाला २४०० ते २४८३.५ हवंय आणि दोन्हीकडे जागा ठेवलीय १०-११ मेगाहर्ट्झ. एखाद्या लॉटमध्ये कड कापली जाणार. रुंदी १२० करा. २१७० चं रिजेक्शन सहाएक डीबीने घटेल, पण ते तुमच्याकडे शिल्लक आहे, आणि लॉसही ३.२ च्या आसपास येईल.

त्याहून चांगली मांडणी हवी असेल तर पाच रेझोनेटर एका ठिकाणी ठेवूच नका. तीनचा एक फिल्टर एलएनएच्या आधी, तीनचा दुसरा नंतर, दोघांना वेगवेगळी खाच, मध्ये भरीव भिंत. पुढचा लॉस १.७ वर येतो, नॉइज फिगर दोन डीबींनी सुधारते, आणि २१७० ला ४० अधिक ४० असे ८० मिळतात. प्रत्येक कप्प्याला ४० च गाळायचे असल्याने गळतीही आवाक्यात राहते. अट एकच: पहिल्या ४० नंतर उरलेल्या सिग्नलला एलएनए संपृक्त होता कामा नये, म्हणून त्याचा आयपी-३ (मोठ्या सिग्नललाही तो किती सरळ वागतो याचं माप) बघून घ्या.

राहता राहिला बँड ४०, म्हणजे २३०० ते २४०० चा एलटीई. टॉवरवर तो असेल तर यातलं काहीच तिथे पुरणार नाही. आदर्श पाच रेझोनेटरसुद्धा २३५० ला २९ डीबी देतात, १२० ची रुंदी केलीत तर त्याहून कमी. २३९० तर तुमच्या पासबँडमध्येच आहे. क्रॉस-कपलिंग (शेजारी नसलेल्या रेझोनेटरांची जोडणी) घालून २३५० जवळ ट्रान्समिशन झिरो (सिग्नल पार दाबणारा खड्डा) आणता येतो, पण १९० च्या क्यूमध्ये तो बोथट येतो, पासबँडची खालची कड वाकवतो आणि दूरचं रिजेक्शन उलट कमी करतो. या कामाला मायक्रोस्ट्रिप नाही, बीएडब्ल्यू फिल्टर (ध्वनिलहरींवर चालणारा चिप फिल्टर) किंवा कॅव्हिटी (पोकळ धातूच्या कप्प्यांचा फिल्टर) लागते. तोवर टॉवरच्या दिशेला पाठ येईल असा दिशादर्शक अँटेना खांबावर फिरवून बघा, आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरवर २३०० ते २४०० किती उतरतं ते मोजा. फिल्टर बोर्डांची पुढची ऑर्डर त्या आकड्यानंतर द्या.